आधी ‘कोणाचा’, मग ‘कशासाठी’

आमच्याकडे गावात नवं पोरगं दिसलं की पारावरचे म्हातारे त्याला नाव विचारत नाहीत. किती शिकला, काय कमावतो, तेही नंतर. पहिला प्रश्न ठरलेला. "कोनाचा पोट्टा व्हय बे तू?" बापाचं नाव सांगून भागत नाही, आजोबापर्यंत जावं लागतं. मग म्हाताऱ्याचा चेहरा सैलावतो. "अस्सं, त्याचा नातू काय! बस मंग. पानी पे." तोवर त्या पोरानं काहीच केलेलं नसतं. कोणाच्या उपयोगी पडलेलं नसतं, कसला पराक्रम गाजवलेला नसतो. तरी पारावर त्याला जागा होते.

ख्रिस्ती श्रद्धेत जगण्याचा हेतू काय सांगितलाय, असं कोणी विचारलं की मी या पारापासून सुरुवात करतो. विचारणारे बरेच भेटतात. यवतमाळ जिल्ह्यात ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मास्तरकी केली, आणि ज्या ज्या गावी राहिलो तिथं बहुतेक आमचं एकच ख्रिस्ती घर. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती १० लाख ८० हजारांच्या आसपास होते, म्हणजे शंभरात धड एकही नाही. त्यामुळे इकडच्या खेड्यात ख्रिस्ती म्हटलं की लोकांना एक तर मिशनचा दवाखाना आठवतो, नाहीतर नाताळचा केक. आत ही माणसं नेमकं काय मानतात, हा प्रश्न मग मास्तरच्या गळ्यात. चहाच्या टपरीवर, पंगतीत, एकदा तर भरलेल्या एसटीत दांड्याला धरून उभा असताना.

मी काही पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू नाही. आजोबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यांच्या काळापासून घरात एक बायबल आहे, कडा झिजलेलं, मधली काही पानं डिंकानं चिकटवलेली. तेवढंच माझं भांडवल.

प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात एक शिडी असते, हे मी पाहिलंय. दहावी, बारावी, नोकरी, लग्न, स्लॅबचं घर, मुलांची नोकरी. जगण्याचा हेतू म्हणजे या शिडीची सर्वांत वरची पायरी, आणि धर्म तिथपर्यंत चढायला बळ देतो, अशी समजूत. आजकालच्या मुलांना तर मोबाइलवर रोज कोणी ना कोणी सांगत असतं, तुमचं ध्येय शोधा. बिचारी शोधत बसतात आणि सापडलं नाही की आपल्यातच खोट आहे असं धरून चालतात.

या शिडीबद्दल बायबलात बारा अध्यायांचं एक पुस्तक आहे, उपदेशक नावाचं. त्यात बोलणारा माणूस शिडीच्या टोकाला जाऊन आलेला आहे. त्यानं वाडे बांधले, द्राक्षमळे लावले, झाडांना पाणी द्यायला तळी खणली, सोनंनाणं साठवलं, गाणारे ठेवले. मग एक दिवस मागं वळून पाहिलं आणि म्हणाला, सगळं व्यर्थ. मराठीत हा शब्द शिक्षा सुनावल्यासारखा कडक वाटतो. मूळ हिब्रूत ‘हेवेल’ आहे. हेवेल म्हणजे वाफ, तोंडातून निघालेला श्वास. मला त्याला आपला शब्द जास्त जवळचा वाटतो, धुवारी. डिसेंबरात पहाटे तुरीवर उतरते ती. डोळ्याला भरगच्च दिसते, मुठीत काही येत नाही, ऊन चढलं की गायब, आणि जाताना तुरीचा बार गाळून जाते. उपदेशक म्हणतो ते एवढंच, की या गोष्टींवर भार टाकून उभे राहू नका, हात आरपार जाईल. घर, पैसा, नाव वाईट आहे असं तो म्हणत नाही. उलट त्याच पुस्तकात तो सांगतो की खा, प्या, आपल्या कष्टात सुख माना, हे देवाचं देणं आहे. जे हातात दिलंय ते देणं म्हणून घेतलं तर गोड लागतं, त्यालाच देव केलं की त्याची धुवारी होते.

मग भार टाकायचा कशावर?

१६४७ साली लंडनमध्ये, वेस्टमिन्स्टरला, धर्मपंडितांच्या एका सभेनं साध्या माणसांना आणि मुलांना शिकवण्यासाठी १०७ प्रश्नोत्तरं तयार केली. स्कॉटलंडच्या चर्चनं ती उचलली आणि पिढ्यान्पिढ्या पोरांकडून पाठ करून घेतली, आपण पाढे घेतो तशी. त्यातला पहिलाच प्रश्न असा आहे, की माणसाचं मुख्य ध्येय काय? उत्तर दोन तुकड्यांचं आहे. देवाचं गौरव करणं, आणि सर्वकाळ त्याच्या ठायी आनंद मानणं.

‘गौरव’ म्हटलं की आपल्याला शाल-श्रीफळ आणि माइकवरची भाषणं आठवतात. देवाला कशाला हवाय सत्कार? पण हिब्रूत यासाठी जो शब्द येतो, ‘कावोद’, त्याच्या मुळाशी अर्थ आहे जडपणा, वजन. आणि हे तर मराठी माणसाला समजवावं लागतच नाही. आपण म्हणतोच की, त्या माणसाच्या शब्दाला गावात वजन आहे. देवाचं गौरव करणं म्हणजे माझ्या दिवसाच्या हिशेबात त्याच्या शब्दाला वजन असणं. शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून नांगर पुढं न्यायला कोणी पाहत नसताना जो थांबतो, तो त्या क्षणी देवाचं गौरव करत असतो. तोंडानं स्तोत्र म्हणत असो वा नसो.

ही प्रश्नोत्तरं ज्या परंपरेत शिकवली जायची, तिथूनच एक माणूस १८४५ साली नागपुरात आला. स्टीफन हिस्लॉप. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून नागपुरात आहे, तिथं शिकलेले कितीतरी वाचक असतील. हा माणूस मिशनरी, शाळा चालवणारा, आणि रिकाम्या वेळात नागपूरच्या आसपासचे दगड फोडून त्यातले जीवाश्म गोळा करणारा. गोंड लोकांची गाणी, चालीरीती त्यानं टिपून ठेवल्या, त्या १८६६ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेल्या. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून घोड्यावरून परतताना पुराच्या पाण्यात बुडून तो गेला. आता मिशनऱ्यांबद्दल बऱ्या-वाईट दोन्ही गोष्टी बोलता येतील, आणि बोलाव्यात. मी त्याचं नाव काढलं ते दगडांसाठी. उपासना रविवारी आणि दगड सोमवारी, अशी वाटणी त्याच्या डोक्यात नसावी, असं मला वाटतं. ज्यानं सृष्टी केली त्याच्या शब्दाला वजन द्यायचं तर त्याच्या दगडांनाही द्यावं लागतं.

उत्तराचा दुसरा तुकडा जास्त अवघड आहे. देवाच्या ठायी आनंद मानायचा. भीती समजते, नवस समजतो, कर्तव्य समजतं. देवाजवळ आनंद? त्यासाठी आधी तो आपला कोण, हे बसवावं लागतं. इथं पुन्हा पार येतो.

बहुतेक माणसं, ख्रिस्तीसुद्धा, असा क्रम लावतात की आधी चांगलं वागा, मग देव आपलं म्हणेल. बायबल हा क्रम उलटा लावतं. देव आधी आपलं म्हणतो, चांगलं वागणं त्यातून निघतं. याला ख्रिस्ती लोक ‘कृपा’ म्हणतात, आणि हा शब्द इतका वापरलाय की त्याची धार गेली आहे. येशूच्या बाप्तिस्म्याचा, म्हणजे पाण्यात बुडी घेऊन दीक्षा घेण्याचा प्रसंग बघा. पाण्यातून वर येतो तेव्हा आकाशातून वाणी होते, की हा माझा प्रिय पुत्र, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. आणि तोवर येशूनं केलंय काय? एकही चमत्कार नाही, एकही प्रवचन नाही. सुतारकाम केलं असेल एवढंच. ‘कोणाचा’ हे आधी सांगितलं गेलं, ‘कशासाठी’ नंतर आलं.

पाप या शब्दाचाही इथेच उलगडा होतो. बायबलच्या येशूपासून सुरू होणाऱ्या दुसऱ्या भागात, नव्या करारात, ग्रीक शब्द आहे ‘हामार्तिया’, नेम चुकणं. गोफणीचा दगड पाखराऐवजी कणसाला लागावा तसं. पाप म्हणजे फक्त दारू-जुगाराची यादी नव्हे. ज्याचा आहोत त्याला सोडून भलतीकडं नेम धरणं, हे त्याचं मूळ. क्रूसावर येशू मेला तो हा चुकलेला नेम आणि त्याची सगळी किंमत स्वतःवर घेऊन, आणि तिसऱ्या दिवशी उठला, असं ख्रिस्ती माणूस मानतो. हे तर्कानं सिद्ध करून देता येईल असा माझा दावा नाही. पण बाकी सगळी इमारत या पायावर आहे, आणि हा पाया काढून फक्त ‘येशूची चांगली शिकवण’ ठेवता येत नाही, एवढं मात्र स्पष्ट सांगितलं पाहिजे.

कृपा म्हणजे काय हे मला स्वतःला नीट कळलं ते शेतात.

माझं चार एकर आहे, कोरडवाहू. दिवाळीनंतरची वेचणी चालू होती. वेचणीची मजुरी आमच्याकडे किलोवर. कमरेला ओटी बांधून बायका तासातासानं पुढं सरकतात, बोटं अशी चालतात की बोंडाच्या टोकदार पाकळ्या कधी टोचल्या ते संध्याकाळी भाकर थापताना कळतं. दुपारी निंबाखाली भाकरी सोडल्या. एक काकू म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या येशूची एखादी गोष्ट सांगा ना. नुसती भाकर घशाखाली उतरत नाई."

मी नव्या करारातल्या मत्तय नावाच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातली सांगितली. एक मळेवाला पहाटे मजुरांच्या अड्ड्यावर जातो, दिवसाला एक दिनार ठरवून माणसं आणतो. दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. नऊ वाजता पुन्हा जातो, बाराला जातो, तीनला जातो. संध्याकाळी पाचला गेला तरी काही माणसं उभीच. विचारतो, दिवसभर रिकामे का उभे? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. त्यांनाही पाठवतो. सूर्य बुडाल्यावर मजुरी वाटायला बसतो, तर शेवटी आलेल्या माणसाच्याही हातावर एक दिनार, आणि पहाटेपासून राबलेल्याच्याही हातावर एकच.

"हे काई बराबर नाई," काकू तिथंच म्हणाल्या. "दिसभर आमी उन्हात आन् तो थंडाव्यात येऊन तेवढेच घेऊन जाते? मंग उद्या सकाळी कोन येईन कामाले?"

शंका एकदम खरी होती. गोष्टीतल्या मजुरांनीही हीच कुरकुर केलीय. मी उत्तर जुळवत होतो तेवढ्यात कडेला बसलेल्या एका आजीनं तोंड उघडलं. तिचे गुडघे गेलेले. टोळीत तिला कोणी घेत नाही, कारण ती मागं पडते. माझ्याकडे येते ती माझं रान लहान म्हणून. ती म्हणाली, "पाचले उभे होते ते काई हाऊस म्हनून उभे होते काय? कोनी लावलंच नाई तर काय करतीन? घरी त्यायच्याबी पोराईले भूक लागतेच ना."

मी तीस-बत्तीस वर्षं ही गोष्ट वाचत आलो होतो, उपासनेत तिच्यावर बोललोही होतो. दरवेळी मी स्वतःला पहाटेच्या मजुरांत धरलं होतं. पाच वाजेपर्यंत अड्ड्यावर उभं राहणं काय असतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. कोणीच नको म्हटलेला माणूस. त्याला हेतू शोधायला सांगून काय उपयोग? त्याला कोणीतरी येऊन ‘चल’ म्हणावं लागतं. ख्रिस्ती श्रद्धा सांगते की मळेवाला दिवसातून पाच वेळा बाहेर पडतो, तो आपण होऊन येतो.

आता कोणी म्हणेल, एवढं फुकट मिळत असेल तर माणूस काम कशाला करील? प्रश्न जुना आहे, येशूची शिकवण गावोगावी नेणाऱ्या पौलालाही विचारला गेला होता. उत्तर आपल्या वरुड-मोर्शीच्या संत्रा बागायतदाराला पटकन कळेल. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात, म्हणजे कलम करतात. डोळा खुंटाला धरला की पुढचं सगळं खुंटाच्या मुळातून येतं. फांदी जोर लावून फळ आणत नाही. पण धरलेल्या फांदीला फळ आलं नाही, असंही होत नाही, झालं तर बांधणीतच कुठं खोट आहे. येशूनं हेच द्राक्षवेलाच्या भाषेत सांगितलं, माझ्यात राहा, फळ येईल, आणि पुढं लगेच म्हणतो, हे मी तुम्हाला सांगितलं ते माझा आनंद तुमच्यात असावा म्हणून.

म्हणून कामाकडे पाहण्याची नजर बदलते. बायबलच्या दुसऱ्याच अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो, ‘मशागत आणि राखण’ करायला. काटे-कुसळं तिसऱ्या अध्यायात, माणसानं देवाची आज्ञा मोडल्यावर येतात. म्हणजे काम ही शिक्षा नव्हती, कामातला घाम न फळणं ही नंतरची भानगड. पौल तर गुलामांना लिहितो की जे काही करता ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून मनापासून करा. हे वाक्य मालकांनी सोयीचं करून गुलामांच्या तोंडावर बरंच मारलं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच पत्रात मालकांनाही बजावलंय, न्यायानं वागा, तुमचाही एक मालक वर बसलाय.

आणि कामाला लगाम आहे, शब्बाथ. आठवड्यातला एक दिवस विसावा. बायबलात देवानं दिलेल्या दहा आज्ञांत ही आज्ञा वाचताना माझ्यातला शेतकरी नेहमी अडखळतो, कारण तिथं कोणाकोणाला विसावा द्यायचा त्याची यादी आहे. तू, तुझा मुलगा, मुलगी, गडी, मोलकरीण, परका माणूस, आणि तुझा बैल. बैल! सिनाय पर्वतावरच्या आज्ञेत बैल आहे. आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतो, बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून शेकतो, दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. तोरणाखाली झडत्या म्हणतो. वर्षभर राबलेल्या जिवाला त्या दिवशी कोणी विचारत नाही की तू आज किती नांगरलंस. आमच्या घरी पोळा चर्चच्या कॅलेंडरात नाही, पण बैल होते तोवर वडील खांदे मळायचे, आणि मळताना बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं ते बैलाचं वचन म्हणायचे. मला त्यात काही विसंगत वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

राहिला आनंद. इथं मला जरा रागानं लिहावं लागणार आहे.

२०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीनं कपाशीचं काय केलं ते सगळ्यांना आठवतं. माझ्याही चार एकरांत बोंडं वरून हिरवीगार, फोडली की आत अळी, रुई डागाळलेली. त्या हिवाळ्यात बाहेरगावाहून एक प्रवचनकार आमच्याकडे सभेला आले होते. त्यांनी सांगितलं की विश्वास पुरता असेल तर पीक बुडत नाही, आनंद हरवला तर समजा पाप लपलंय. ऐकणारांत निम्मे कपाशीवाले. मागच्या रांगेत एक बाई पदर तोंडाशी धरून बसली होती. मी घरी आलो आणि ते झिजलेलं बायबल काढून हबक्कूक उघडलं.

हबक्कूक हा बायबलातला तीन अध्यायांचा संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणारा. सुरुवातच भांडणानं करतो, देवा, किती वेळ ओरडू, तू ऐकत का नाहीस? देव त्याला गप्प बस म्हणत नाही. आणि शेवटी तो जे म्हणतो ते आमच्या तालुक्याच्या भाषेत मी वर्गात पोरांना असं सांगायचो. कपाशीला बोंड धरलं नाही, तुरीचा बार गळला, सोयाबीन पिवळं पडलं, कोठीत दाणा नाही, गोठ्यात बैल नाही, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. त्याच्या यादीत अंजीर, द्राक्षं, जैतून आणि मेंढरं आहेत, बाकी फरक नाही. त्यात ‘पीक येईल’ असं वचन कुठंच नाही. पीक बुडालेलंच आहे. सगळा भार त्या ‘तरी’वर आहे.

हा आनंद म्हणजे हसरा चेहरा नव्हे. स्तोत्रसंहिता म्हणजे बायबलातलं गीतांचं पुस्तक, त्यातली जवळपास तिसरा हिस्सा गीतं रडगाणी आहेत, आणि ती देवासमोर रडलेली आहेत, त्याच्या पाठीमागं नाही. ज्याच्यासमोर रडता येतं असा कोणी असणं, हाच त्या आनंदाचा तळ. पौलानं ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ लिहिलं ते तुरुंगातून, फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीनं पाठवलेल्या मदतीची पोच देताना. त्याच पत्रात तो म्हणतो की भरल्या पोटी आणि उपाशीपोटी समाधानी राहायला मी शिकलो आहे. मास्तर म्हणून मला ‘शिकलो’ हा शब्द फार दिलासा देतो. म्हणजे त्यालाही ते आपोआप येत नव्हतं.

आणि एलीया. मोठा संदेष्टा, पण एक दिवस रानात झुडपाखाली जाऊन बसला आणि म्हणाला, पुरे झालं देवा, माझा जीव घे. देवानं त्याला प्रवचन दिलं नाही, पापाचा हिशेब मागितला नाही. झोपू दिलं. दूताकडून भाकर आणि पाणी ठेवलं, उठवून खायला घातलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला घातलं. बोलणं त्यानंतर, तेही हलक्या आवाजात. आमच्या भागात कर्जानं आणि नापिकीनं किती घरांतली माणसं गेली हे मी वेगळं सांगायला नको. अशा माणसाला ‘विश्वास ठेव’ म्हणून परत पाठवणं हे मला ख्रिस्ती वाटत नाही. त्याच्याजवळ बसा, जेवू घाला, डॉक्टरकडं न्या. सरकारची टेली मानस ही फोनसेवा आहे, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. तो नंबर मी आमच्या चर्चच्या भिंतीवर वचनाच्या पाटीशेजारी लिहून घेतला. आणि कोणी चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करण्याच्या सभेत जाऊन टीबीच्या गोळ्या बंद केल्या तर त्याच्याशी भांडा. मी भांडलोय.

हे सगळं ख्रिस्ती माणसं जगतात का? थोडीफार. जात चर्चच्या दारात चप्पल काढल्यासारखी बाहेर राहते असं मी सांगितलं तर गावच हसेल.

शिवाय या वाटेची किंमत असते. कवी नारायण वामन टिळक, जन्म १८६१, नागपुरात असताना संस्कृतचं काम करत होते. नागपूर-राजनांदगाव गाडीत एका अनोळखी गोऱ्या माणसानं त्यांना नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनानं ते अडकले आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना आनंद मिळाला, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काही वर्षांची ताटातूट आणि नातेवाइकांचे टोमणे आले. त्या पुढं स्वतःच्या वेगानं, स्वतःच्या डोक्यानं विचार करून तिकडं आल्या. टिळक म्हणायचे की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो. मला ते वाक्य आवडतं, कारण त्यात मागचा पूल पाडलेला नाही.

मोझरीला जाणारा माझा एक जुना मित्र आहे. तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना त्यानं कधी चुकवली नाही. तो म्हणतो, मास्तर, सेवा आम्हीही करतो, गाडगेबाबांनी तर आयुष्यभर झाडूच चालवला, मग तुमचं वेगळं काय? सेवेत वेगळं काही नाही, मी म्हणतो, आणि तुम्ही आमच्यापेक्षा जास्त करता. वेगळं आहे ते सेवा कुठून सुरू होते त्याबाबत. आम्ही मानतो की हिशेब आधीच चुकता झालाय, म्हणून हात मोकळे आहेत. तो मान हलवतो. पटलं म्हणून की मैत्री म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.

कोणाला स्वतः वाचून पाहायचं असेल तर नव्या करारातल्या मार्क नावाच्या येशूचरित्रापासून सुरू करा, सोळा अध्याय, एका रात्रीत होतात. मग हबक्कूक, मग फिलिप्पैकरांस पत्र. मत्तयाची सुरुवात वंशावळीनं होते, तिथं नवा वाचक गळतो. खरं तर तीही ‘कोणाचा पोट्टा’चंच उत्तर आहे, पण नंतर वाचा.

त्या दिवशी वेचणीचं पुढं काय झालं, ते राहिलंच. सूर्य कलल्यावर बायका धुऱ्याशी गाठोडी घेऊन आल्या. काटा निंबाच्या फांदीला टांगलेला. काकूंचं अडतीस किलो भरलं. आजीचं अकरा. मी वहीत आकडे लिहीत होतो, तेवढ्यात काकू ओटी झटकत म्हणाल्या, "मास्तर, ते पहाटेचे होते ना, त्यायनं मंग काय केलं? दुसऱ्या दिवशी आले का कामाले?"

गोष्टीत ते लिहिलेलं नाही, मी म्हणालो. मळेवाला विचारतो, मी उदार आहे म्हणून तुला हेवा वाटतो का, आणि मजुराचं उत्तर येतच नाही.

"असं कसं," काकू म्हणाल्या. त्यांनी वहीतल्या दोन आकड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पेन्सिल कानावर ठेवली आणि खिशातलं पैशाचं पाकीट काढलं.